वाचकांचे प्रश्न : स्लॅबचा भार, बीमच्या सळ्या, कॉलमचे गणित

आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) बांधकामाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख ‘लोखंड किती घालावे’ या एकाच प्रश्नाकडे आहे. ‘भार कोठून येतो आणि कोणत्या वाटेने खाली उतरतो’ हा त्याच्या आधीचा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला आहे, म्हणून उत्तरे देताना त्याला पुढे घेतले आहे. आकडेमोडीत एकसूत्रता राहावी यासाठी सर्व उदाहरणांत एम-२० काँक्रीट (ताकद २० न्यूटन प्रति चौरस मिमी), एफई-५०० सळई (ताकद ५०० न्यूटन प्रति चौरस मिमी) आणि आयएस ४५६ : २००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकातील लिमिट स्टेट ही डिझाइनची पद्धत गृहीत धरली आहे. ही उदाहरणे रीत समजण्यापुरती आहेत. प्रत्यक्ष इमारतीचे आराखडे जागेवरची माती, भूकंप विभाग आणि संपूर्ण सांगाडा तपासून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करावयाचे असतात.

प्रश्न : मी स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. ३ मीटर रुंद आणि ७ मीटर लांब खोलीवर १२५ मिमी जाडीचा स्लॅब आहे आणि तो लांबीच्या दोन भिंतींवर टेकलेला आहे. एका अनुभवी मिस्त्रींनी ८ मिमीच्या सळ्या १८० मिमी अंतरावर पुरेशा आहेत असे सांगितले. हे गणिताने कसे पडताळावे?

उत्तर : लांबी ही रुंदीच्या दुपटीहून अधिक असल्याने हा एका दिशेने वाकणारा स्लॅब आहे, म्हणजे मुख्य सळ्या ३ मीटरच्या दिशेने जातील. प्रथम एक चौरस मीटरचा भार काढावा. आरसीसीचे वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोचे वजन) धरले असता १२५ मिमी जाडीचे ३.१२५ किलोन्यूटन होतात; फरशी आणि तिच्याखालचा थर यांसाठी १ किलोन्यूटन आणि राहत्या खोलीचा लाइव्ह लोड (माणसे व सामान यांचा भार) आयएस ८७५ या भारांच्या मानकाच्या दुसऱ्या भागानुसार २ किलोन्यूटन धरावा. एकूण ६.१२५ किलोन्यूटन झाले. त्याला सुरक्षिततेसाठी १.५ ने गुणल्यावर डिझाइनचा भार सुमारे ९.१९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर येतो.

यानंतर गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले हिशेबाचे अंतर, ठरवावा. खालचे कव्हर (सळईखालचे काँक्रीट) २० मिमी आणि ८ मिमी सळईची अर्धी जाडी ४ मिमी वजा केल्यावर प्रभावी खोली, म्हणजे दाबाच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर, साधारण १०० मिमी उरते. ‘मोकळा गाळा अधिक प्रभावी खोली’ आणि ‘टेकूच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर’ यांतील लहान आकडा घ्यावयाचा असल्याने गाळा ३.१ मीटर धरावा. एक मीटर रुंदीच्या पट्टीसाठी बेंडिंग मोमेंट (भाराचा वाकवणारा परिणाम) म्हणजे भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८, म्हणजेच ११.०४ किलोन्यूटन-मीटर. हा मोमेंट सळईतील ताण आणि काँक्रीटमधील दाब यांच्या जोडीने पेलला जातो. या दोन बलांमधले अंतर येथे सुमारे ९३ मिमी आहे आणि सळईत ०.८७ गुणिले ५०० म्हणजे ४३५ न्यूटन प्रति चौरस मिमी इतका ताण घेता येतो, म्हणून लागणारे लोखंड मीटरला २७२ चौरस मिमी येते. ८ मिमीच्या एका सळईचे क्षेत्रफळ ५०.३ चौरस मिमी असल्यामुळे १८० मिमी अंतरावर ठेवल्यास २७९ चौरस मिमी मिळतात. मिस्त्रींचा अंदाज वाकण्याच्या ताकदीपुरता अचूक आहे, हे मान्य केले पाहिजे.

विद्यार्थ्यांच्या वह्यांत बहुतेक वेळा गणित येथेच संपते, परंतु स्लॅब तुटत नाही एवढ्याने तो चालण्याजोगा होत नाही. तो किती लवतो हेही पाहावे लागते. साध्या टेकूवरील गाळ्यासाठी मानकात गाळा आणि प्रभावी खोली यांचे मूळ प्रमाण २० दिले आहे. त्याला एका गुणकाने गुणावयाचे असते आणि तो गुणक लोखंडाच्या टक्केवारीवर व वापरातील भाराखाली त्या लोखंडात असणाऱ्या ताणावर अवलंबून असतो. आपल्या उदाहरणात हा गुणक सुमारे १.२७ येतो, म्हणजे परवानगी २५ च्या आसपास आहे, तर प्रत्यक्ष प्रमाण ३१ आहे. म्हणजे ताकदीला पुरेसा असलेला हा स्लॅब लवण्याच्या कसोटीत नापास होतो.

आता दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग जाडी तीच ठेवून सळ्या १३० मिमी अंतरावर आणण्याचा आहे. लोखंड ३८७ चौरस मिमी झाल्याने त्यातील ताण उतरतो, गुणक १.६ च्या जवळ जातो आणि मर्यादा ३२ होते. दुसरा मार्ग जाडी १५० मिमी करण्याचा आहे. स्लॅबचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ०.६२५ किलोन्यूटनने वाढते खरे, पण प्रभावी खोली १२५ मिमी झाल्याने २३९ चौरस मिमीच लोखंड लागते, ८ मिमी सळ्या २०० मिमी अंतरावर भागतात आणि गाळा-खोली प्रमाण २५ वर येते, जे परवानगीच्या बरेच आत आहे. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, कारण दाट जाळीच्या पातळ स्लॅबमध्ये जागेवर सळई ५-१० मिमी जरी खाली-वर झाली तरी प्रभावी खोलीच्या मानाने ती टक्केवारी मोठी असते.

आडव्या, म्हणजे वाटप सळ्यांसाठी एकूण छेदाच्या ०.१२ टक्के लोखंड पुरते. १२५ मिमी जाडीला ते १५० चौरस मिमी होते आणि ८ मिमी सळ्या ३०० मिमी अंतरावर ठेवल्यास भागते. स्लॅबच्या कडेवर पुढे भिंत बांधली जाणार असेल, तर ती कड पूर्णपणे मोकळी राहत नाही आणि तेथे वरच्या बाजूला ताण येतो. त्यासाठी एकाआड एक मुख्य सळई टेकूजवळ वर मुडपण्याची रीत आहे.

प्रश्न : स्लॅबला चौरस मीटरमागे ठरावीक किलो लोखंड धरावे असे ठोकताळे सर्वत्र वापरले जातात. ते चुकीचे आहेत का?

उत्तर : मागणी नोंदवण्यापुरते ते उपयोगी आहेत; डिझाइन म्हणून निरुपयोगी आहेत. वरचाच स्लॅब घ्या. सळईचे मीटरचे वजन किलोत काढण्यासाठी व्यासाचा वर्ग १६२ ने भागतात, त्यानुसार ८ मिमीची सळई मीटरला ०.३९५ किलो भरते. जाडी १५० मिमी असताना मुख्य सळ्या २०० मिमीवर धरल्यास त्या चौरस मीटरला सुमारे १.९८ किलो आणि वाटप सळ्या (या जाडीला १८० चौरस मिमी लागत असल्याने २७५ मिमीवर) १.४४ किलो, मिळून ३.४२ किलो होतात. त्याच खोलीवर १२५ मिमी जाडी ठेवली तर ४.३६ किलो लागतात. खोली एक, भार जवळपास एक आणि दोन्ही स्लॅब नियमात बसणारे, तरी किलोंमध्ये जवळपास पाव हिश्श्याचा फरक पडला. लॅप (सळ्यांचे एकमेकींवरचे जोड), मुडप आणि वरच्या सळ्या तर अजून धरलेल्याच नाहीत.

प्रश्न : बीमवरचा भार काढताना आम्ही खोलीचा निम्मा स्लॅब एका बीमवर आणि निम्मा समोरच्या बीमवर असे धरतो. शिवाय बीमवरच्या भिंतीचा भार धरावा की नाही, याबद्दल साइटवर मतभेद आहेत. एखाद्या बीमचे संपूर्ण गणित करून दाखवावे.

उत्तर : निम्मा-निम्मा हा हिशेब एका दिशेने वाकणाऱ्या स्लॅबला लागू होतो. खोली चौरसाच्या जवळची असेल, तर स्लॅब चारही बाजूंना भार देतो आणि कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या रेषा काढून त्याचे चार तुकडे करावे लागतात. आखूड बीमच्या वाट्याला त्रिकोण आणि लांब बीमच्या वाट्याला समलंब चौकोन येतो. ३.६ मीटर गुणिले ४.५ मीटर खोली आणि १५० मिमी स्लॅबचा ६.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार (१.५ ने गुणण्यापूर्वीचा) घेतल्यास मोमेंटसाठीचा समतुल्य भार आखूड बीमवर मीटरला ८.१ किलोन्यूटन आणि लांब बीमवर सुमारे ९.५६ किलोन्यूटन येतो. निम्म्याचा हिशेब लावला असता लांब बीमवर १२.१५ पडले असते आणि आखूड बीमवर काहीच नाही. लांब बीम त्यामुळे उगाच जड होतो, पण खरी अडचण आखूड बीमची आहे, कारण तो कागदावर रिकामा आणि जागेवर भारलेला राहतो. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. हे समतुल्य भार मोमेंटसाठीच आहेत. शिअर (छेदाला आडवे कापू पाहणारे बल) आणि टेकूवर जाणारा भार काढताना तुकड्याचे खरे क्षेत्रफळ वापरावे. त्या हिशेबाने लांब बीमवर सरासरी ७.२९ आणि आखूड बीमवर ६.०८ किलोन्यूटन प्रति मीटर एवढाच भार असतो. कॉलमवरचे भार नेहमी क्षेत्रफळावरूनच गोळा करावेत.

भिंतीच्या बाबतीत मतभेदाला जागाच नाही. बीमवर उभी असलेली भिंत बीमच पेलतो आणि अनेकदा तिचाच भार स्लॅबपेक्षा जास्त असतो. खिडक्या-दरवाजांची वजावट करता येते, पण ती उघडी जागा पुढे कोणी बुजवणार नाही याची हमी नसल्याने मी सहसा करत नाही. नकाशात न दाखवलेल्या हलक्या पार्टिशनसाठी मानकाने स्लॅबवर चौरस मीटरला किमान १ किलोन्यूटन वेगळा धरण्यास सांगितले आहे, तोही विसरू नये.

आता ४ मीटर गाळ्याचा, साध्या टेकूवरचा, २३० मिमी रुंद आणि ४५० मिमी खोल बीम घेऊ. त्याच्या एका बाजूला १५० मिमी जाडीचा एकदिशा स्लॅब आहे आणि त्याची १.६ मीटर रुंदी या बीमकडे येते, म्हणजे १.६ गुणिले ६.७५ बरोबर १०.८ किलोन्यूटन प्रति मीटर. वर प्लास्टरसह पाव मीटर जाडीची, २.६ मीटर उंच विटांची भिंत आहे. घनमीटरला २० किलोन्यूटन धरल्यास तिचे १३ किलोन्यूटन होतात. स्लॅबच्या खाली लोंबणाऱ्या ३०० मिमी भागाचे स्वतःचे वजन १.७ किलोन्यूटन आहे. बेरीज २५.५ आणि १.५ ने गुणल्यावर ३८.२५ किलोन्यूटन प्रति मीटर येते. मोमेंट ७६.५ किलोन्यूटन-मीटर आणि टेकूवरील शिअर ७६.५ किलोन्यूटन येतो. दोन्ही आकडे सारखे दिसण्याचे कारण गाळा ४ मीटर आहे एवढेच.

लोखंड काढण्यापूर्वी छेद पुरेसा आहे का, हे पाहावे. एफई-५०० साठी एकेरी लोखंडाच्या (फक्त ताणाच्या बाजूला सळ्या असलेल्या) छेदाची मर्यादा म्हणजे ०.१३३ गुणिले काँक्रीटची ताकद, गुणिले रुंदी, गुणिले प्रभावी खोलीचा वर्ग. प्रभावी खोली ४०० मिमी धरल्यास ती ९७.९ किलोन्यूटन-मीटर भरते, म्हणून छेद चालतो. ही मर्यादा ओलांडून नुसत्या ताण बाजूला सळ्या कोंबल्या, तर सळई ताणून लांबण्याआधीच वरचे काँक्रीट चिरडते आणि बीम तडे दाखवून इशारा न देता एकाएकी जातो. जास्त लोखंड म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज येथे उलटा पडतो. आपल्या मोमेंटला ५११ चौरस मिमी लागते. १६ मिमीच्या तीन सळ्यांनी ६०३ चौरस मिमी मिळते. किमान लोखंडाची अट, म्हणजे ०.८५ भागिले सळईची ताकद या प्रमाणात १५६ चौरस मिमी, त्यात आपोआप पुरी होते. २३० मिमी रुंदीत तीन सळ्या एका ओळीत बसतात आणि त्यांच्यामधून खडी उतरायला जागाही राहते. चौथी सळई घालायची झाल्यास हे आधी कागदावर मोजून पाहावे.

शिअरसाठी छेदावरील सरासरी ताण ०.८३ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो आणि इतक्या लोखंडाच्या काँक्रीटची स्वतःची क्षमता सुमारे ०.५३ आहे. उरलेले २७.७ किलोन्यूटन रिंगांनी (मुख्य सळ्यांभोवतीच्या कड्यांनी) घ्यायचे आहेत. ८ मिमीच्या दोन पायांच्या रिंगा, त्यांची ताकद ४१५ धरली तरी, गणिताने ५२० मिमीहून दूर चालतात. मग मानकाची मर्यादा, म्हणजे प्रभावी खोलीच्या ०.७५ पट किंवा ३०० मिमी यांतील लहान आकडा, लागू होऊन अंतर ३०० मिमी ठरते. पण बीम भूकंपरोधक चौकटीचा भाग असेल, तर आयएस १३९२० या भूकंपरोधक तपशिलांच्या मानकानुसार टेकूपासून खोलीच्या दुप्पट लांबीपर्यंत हे अंतर प्रभावी खोलीच्या पाव भागापेक्षा, म्हणजे येथे १०० मिमीपेक्षा, जास्त ठेवता येत नाही, आणि मधल्या भागात २०० मिमीपेक्षा जास्त नाही. गणित ५२० म्हणते आणि तपशील १०० म्हणतो, तेव्हा काहींना १०० म्हणजे उधळपट्टी वाटते. तो आकडा रोजच्या भारासाठी नाही. चौकट मागे-पुढे हलताना टोकाजवळच्या सळ्या वाकून बाहेर पडू नयेत आणि आतले काँक्रीट आवळून धरले जावे यासाठी आहे. रिंगेचे हुक ९० अंशांवर सोडले, तर कव्हर उडाल्याबरोबर ते उघडतात. हुक १३५ अंशांत आतल्या काँक्रीटमध्ये वळवले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट. कॉलमसोबत एकसंध ओतलेला बीम खऱ्या अर्थाने साध्या टेकूवर नसतो. टोकांना वरच्या बाजूने ताण येतो आणि तेथे वरच्या सळ्या लागतात. सलग तीन किंवा अधिक, जवळपास सारख्या गाळ्यांच्या बीमसाठी मानकात तयार गुणांक आहेत. त्यांत शेवटच्या गाळ्याच्या आतील टेकूवर डेड लोडसाठी (बांधकामाच्या कायमच्या वजनासाठी) १/१० आणि लाइव्ह लोडसाठी १/९ असा वरच्या ताणाचा मोमेंट धरला जातो, जो गाळ्याच्या मध्यापेक्षाही जास्त आहे. वर फक्त रिंगा अडकवण्यापुरत्या दोन ‘हँगर’ सळ्या टाकून मोकळे होण्याची सवय अशा टेकूवर तड्यांना आमंत्रण देते.

प्रश्न : तीन स्लॅबच्या इमारतीतील आतल्या कॉलमवर किती भार येतो, आणि ०.४ व ०.६७ चे गुणांक असलेले सूत्र थेट वापरले तर चालते का?

उत्तर : कॉलमच्या चारही बाजूंच्या गाळ्यांच्या मध्यरेषा जोडून त्याच्या वाट्याचे क्षेत्र काढावे. ते ४ मीटर गुणिले ३.५ मीटर, म्हणजे १४ चौरस मीटर असल्यास एका स्लॅबचा भार ९४.५ किलोन्यूटन होतो. कॉलमवर येणाऱ्या बीमची लांबी ७.५ मीटर धरल्यास त्यांचे वजन सुमारे १२.८ आणि त्यांवरच्या प्लास्टरसह १५० मिमी जाड भिंतींचे ५८.५ किलोन्यूटन होते. तळमजल्यावरच्या कॉलमला तीन स्लॅब आणि तीन मजल्यांचे बीम धरावेत, भिंती मात्र दोनच मजल्यांच्या धराव्यात, कारण तळमजल्याच्या भिंती प्लिंथ (जोत्याच्या) बीमवर असतात आणि गच्चीवर भिंती नसतात. कॉलमच्या स्वतःच्या वजनाचे २० किलोन्यूटन मिळवून बेरीज जवळपास ४६० आणि डिझाइनचा भार ६९० किलोन्यूटन होतो. अनेक मजल्यांच्या लाइव्ह लोडमध्ये आयएस ८७५ काही सूट देते, ती येथे घेतलेली नाही.

३०० गुणिले ३०० मिमी कॉलममध्ये किमान ०.८ टक्के, म्हणजे ७२० चौरस मिमी लोखंड हवे. १६ मिमीच्या चार सळ्या ८०४ चौरस मिमी देतात. तुमच्या सूत्राने, म्हणजे ०.४ गुणिले काँक्रीटची ताकद गुणिले काँक्रीटचे क्षेत्र, अधिक ०.६७ गुणिले सळईची ताकद गुणिले सळ्यांचे क्षेत्र या सूत्राने, क्षमता ९८० किलोन्यूटनच्या पुढे जाते. कॉलम आरामात पास झाला असे वाटते. परंतु हे सूत्र वापरण्याची एक अट आहे आणि ती फार वेळा विसरली जाते. भार कॉलमच्या अगदी मध्यातून कधीच येत नाही असे मानून किमान उत्केंद्रता (भाराचे मध्यापासूनचे अंतर) धरावी लागते; ती उंचीचा ५०० वा भाग अधिक बाजूचा ३० वा भाग इतकी, पण २० मिमीपेक्षा कमी नाही. आणि हे छोटे सूत्र तेव्हाच चालते, जेव्हा ती उत्केंद्रता बाजूच्या ०.०५ पटीपेक्षा जास्त नसते. ३०० मिमीसाठी ही मर्यादा १५ मिमी आहे आणि किमान उत्केंद्रता २० मिमी. म्हणजे ४०० मिमीपेक्षा लहान बाजू असलेल्या कोणत्याही कॉलमला हे सूत्र काटेकोरपणे लागूच होत नाही. तेथे भारासोबत मोमेंट घ्यावा लागतो, येथे ०.०२ गुणिले ६९० म्हणजे १३.८ किलोन्यूटन-मीटर, आणि एसपी १६ या डिझाइनच्या मदत-पुस्तिकेतील आलेख पाहावे लागतात. या उदाहरणात किमान लोखंडातच ते निभावते. भूकंपाचा आणि बीमकडून येणारा मोमेंट मिळवल्यावर ते निभावेलच असे नाही, आणि काठावरच्या व कोपऱ्यावरच्या कॉलमवर भार कमी असूनही अनेकदा लोखंड जास्त लागते, ते याच कारणाने.

भिंतीत लपावा म्हणून २३० मिमी रुंदीचा कॉलम मागणारी पत्रेही बरीच आहेत. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंपरोधक चौकटीतील कॉलमची लहान बाजू ३०० मिमीपेक्षा कमी नसावी असे म्हटले आहे. भिंतीच्या बाहेर आलेला ७० मिमी कोपरा मला तरी खटकत नाही.

प्रश्न : बाल्कनीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या बाजूला का घालतात? आणि जाळी थोडी खाली बसली तर खरोखरच किती फरक पडतो?

उत्तर : बाल्कनीचे एक टोक मोकळे असल्याने ती खाली झुकते आणि ताण वरच्या पृष्ठभागावर येतो, सळई ताणाच्या बाजूलाच उपयोगी असते. १८६७ साली जोसेफ मोनिए यांनी लोखंडी जाळी घातलेल्या कुंड्यांचे पेटंट घेतले, पण सळई छेदात नेमकी कोठे हवी याचे गणित मथियास कोनेन यांनी १८८० च्या दशकात मांडले. काँक्रीटमध्ये लोखंड घालणे आणि ते योग्य जागी घालणे या दोन गोष्टींमध्ये एवढी वर्षे गेली.

फरक किती पडतो, ते आकड्यांत पाहू. १.२ मीटर बाहेर आलेला, १५० मिमी जाडीचा स्लॅब घ्या. बाल्कनीचा लाइव्ह लोड ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरून डिझाइनचा भार ११.६ येतो आणि मुळाशी मोमेंट ८.४ किलोन्यूटन-मीटर. टोकावर एक मीटर उंचीची अर्ध्या विटेची कठड्याची भिंत असेल, तर ती एकटी आणखी सुमारे ४.७ ची भर घालते, म्हणजे एकूण मोमेंटचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग कठड्याचा असतो. मागाहून जाळीचा कठडा काढून विटांचा बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एकूण १३.१ ला ८ मिमी सळ्या १५० मिमी अंतरावर वर ठेवल्या, तर प्रभावी खोली १२५ मिमी असताना क्षमता १७ किलोन्यूटन-मीटर होते. ओतकामाच्या वेळी माणसे आणि घमेली जाळीवरून फिरली आणि ती ५० मिमी खाली दबली, तर खोली ७५ मिमी उरते आणि क्षमता ९.७ वर येते. सळ्या तेवढ्याच, बिलही तेवढेच, आणि बाल्कनी डिझाइनच्या भाराखाली नापास. म्हणून वरच्या जाळीखाली जागोजाग चेअर (जाळी उचलून धरणारे सळईचे टेकू) ठेवाव्यात, चालण्यासाठी स्वतंत्र फळ्या टाकाव्यात आणि काँक्रीट पडत असतानाच वरचे कव्हर मोजावे. नंतर मोजून काही उपयोग नसतो.

या सळ्या आतल्या स्लॅबमध्ये किती न्यायच्या, हेही पत्रात विचारले आहे. एम-२० आणि एफई-५०० साठी सळई पूर्ण ताणाला पकडण्यास व्यासाच्या सुमारे ५७ पट लांबी लागते, म्हणजे ८ मिमीला साधारण ४६० मिमी. ही किमान पकड झाली. आतल्या स्लॅबमध्ये वरचा ताण जेथपर्यंत पोहोचतो त्याच्याही पुढे ती जायला हवी, म्हणून बाहेर आलेल्या लांबीपेक्षा आत जास्त लांबी ठेवणे हा चांगला शिरस्ता आहे.

प्रश्न : नकाशात १२ मिमी सळ्या १५० मिमी अंतरावर आहेत आणि साइटवर १० व १६ मिमीच्याच शिल्लक आहेत. बदल कसा करावा? कॉलममध्येही असा बदल चालतो का?

उत्तर : व्यासाची तुलना न करता मीटरमधील क्षेत्रफळाची करावी. १२ मिमी १५० मिमीवर म्हणजे ७५४ चौरस मिमी. १० मिमीच्या सळ्या १०० मिमीवर ७८५ देतात. हा बदल उत्तम आहे, कारण बारीक व जवळजवळच्या सळ्यांमुळे तडेही बारीक राहतात. १६ मिमीच्या २६० मिमीवर ७७३ मिळतात आणि आकड्यात बसतात, परंतु तडे रुंद होतात आणि पकडीची लांबी सुमारे ६८० मिमीवरून ९१० मिमीवर जाते, जी टेकूपाशी उपलब्ध असेलच असे नाही. सळईची प्रत बदलत असेल, म्हणजे एफई-५०० च्या जागी एफई-४१५ येत असेल, तर क्षेत्रफळ १.२ पट करावे.

कॉलममध्ये १६ मिमीच्या चार सळ्यांऐवजी १२ मिमीच्या घालायच्या झाल्या, तर सात सळ्या ७९१ चौरस मिमीवर अडतात, म्हणून आठ घ्याव्या लागतात आणि प्रत्येक बाजूला मध्यावर एक अशी सममिती मिळते. मात्र येथे रिंगांचे अंतरही बदलते, आणि हा भाग साइटवर हमखास सुटतो. साध्या कॉलममध्ये रिंगांचे अंतर लहान बाजू, सर्वांत बारीक मुख्य सळईच्या व्यासाच्या १६ पट आणि ३०० मिमी यांतील लहान आकड्यापेक्षा जास्त नसावे. १६ मिमी सळ्यांना ते २५५ मिमीपर्यंत चालत होते. १२ मिमी होताच ते १९० मिमीवर आणावे लागते. भूकंपरोधक चौकटीत तर कॉलमच्या टोकांजवळ लहान बाजूचा पाव भाग, म्हणजे ३०० मिमी कॉलमला ७५ मिमी, ही मर्यादा त्याहून कडक आहे. शिवाय मधल्या सळ्यांना धरणारी आतली रिंग किंवा आडवा हुक लागतो की नाही, हे सळ्यांमधील अंतरावरून तपासून बदललेला तपशील डिझायनरकडून सहीनिशी घ्यावा.